मागच्या अंगणातला तांबडा

त्याला सगळे तांबड्या म्हणत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हजेरीपटावर त्याचं खरं नाव असेलही, पण तिथला शिपाईसुद्धा "तांबड्या आला का रे?" असंच विचारायचा. हे नाव कशावरून पडलं याबद्दल दोन मतं होती. तो स्वतः म्हणायचा, माझ्या चित्रांवरून. कचेरीतले म्हणायचे, तुझ्या बोटांवरून. कारण त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नखांच्या मुळापर्यंत कायम रंगलेली असायची आणि घामेजल्या हाताने त्याने मीटरची वही उघडली की पानावर ठसा उमटायचा. "वही भरलीयस की खून करून आलायस?" असं साहेब विचारायचा. तांबड्या मान खाली घालून हसायचा, आणि हसता हसता आतून सुखावायचा.

मीटर वाचणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. अठ्ठावीस वर्षं त्याने तेच केलं. आता पाण्याचा मीटर काही कुणी पुढच्या खोलीत बसवत नाही. तो असतो घरामागे, मोरीच्या पलीकडे, फुटक्या बादलीच्या आडोशाला. त्यामुळे तांबड्याने सगळं शहर पाठीमागून पाहिलं. पुढच्या दारात माणूस नटून उभा राहतो, मागच्या अंगणात तो असतो तसा असतो. पेठेत ज्याच्या आवाजाला लोक दचकत, तो व्यापारी मागच्या पायरीवर बसून मुकाट्याने पायाचं कुरूप कापताना त्याने पाहिला. कोणत्या घरात अबोला चाललाय हे त्याला वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळायचं. नवऱ्याचे एका दोरीवर, बायकोचे दुसऱ्या. एका घरातल्या थोरल्या सुनेला तर त्याने कोळशाच्या पोत्यामागे एकटीच खळाळून हसताना पाहिलं होतं. काय आठवलं होतं बाईला, कोण जाणे.

हे सगळं तो चित्रांत उतरवायचा. कुणी शिकवलं नव्हतं. बघत गेला आणि हात वळत गेला. मागची अंगणं, ओल्या भिंती, राखेच्या रंगाचं आभाळ, पाठ करून बसलेली माणसं. सगळं करडं, मातकट, जसं असतं तसं. आणि त्यात कुठेतरी एक तांबडी वस्तू. एखादं पांघरूण, दार, बादली, पोराचा एकुलता एक मोजा. त्या तांबड्यावर चित्र उभं असायचं. सगळ्या घराचा जीव अंगणात त्या एका जागी येऊन बसलाय असं वाटायचं. तो तांबडा काढला तर मागे उरणार काय? कोपऱ्यात पडलेली केरसुणी आणि दमलेली माणसं.

हा तांबडा बाजारातला नव्हता. त्याची बायको सूत रंगवायच्या कारखान्यात हौदावर कामाला होती. रंगाचे डबे रिकामे झाले की तळाशी चिकटलेली भुकटी खरवडून न्यायला मुकादम कुणाला अडवत नसे. बायको ती कागदाच्या पुडीत बांधून आणायची. तांबड्या काचेच्या तुकड्यावर ती खडूच्या चुऱ्यात आणि जवसाच्या तेलात तासन्‌तास घोटायचा. आणि मग तो रंग असा काही पेटायचा, की बायको चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "झाकून ठेवा हो ते, दृष्ट लागेल."

रंग पक्का आहे की कच्चा हे बघायची कारखान्यातली रीत होती. रंगवलेल्या सुताच्या लडीवर ओलं पांढरं फडकं घासायचं. फडकं पांढरंच राहिलं तर माल पक्का. बायकोने ती रीत घरी आणली आणि तांबड्याने ती चित्राला लावली. चित्र सुकलं, की तो घेणाऱ्याच्या समोर फडकं ओलं करायचा, तांबड्यावर जोरात घासायचा आणि फडकं वर धरून दाखवायचा. "बघा. काही लागलं? नाही ना? जाणार नाही. तुमची नातवंडं बघतील." त्याच्या उभ्या आयुष्यातली ही एकच ऐट. माणसं चित्रापेक्षा फडक्यालाच जास्त मान डोलवायची.

प्रदर्शनंही त्याने केली. नाही असं नाही. एकदा वाचनालयाच्या बोळात, वर्तमानपत्रांच्या मांडणीशेजारी. एकदा शाळेच्या जिन्यात. एकदा टपाल कचेरीत, जिथे रांगेतल्या लोकांना बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी चित्रं पाहिली. तेवढ्या तीन प्रदर्शनांत वीस-बावीस चित्रं लोकांनी नेली, कुणी विकत, कुणी मागून. एकदा गेलेल्या चित्राचं तो परत तोंड बघत नसे. "लेक दिली की तिच्या घरी ऊठसूट जाऊन बसू नये," म्हणायचा. आणि तसंही त्या घरांत त्याचा वावर मागच्या दाराने. चित्रं लटकायची पुढच्या खोलीत. बापलेकीची भेट होणार कशी?

नोकरी संपली, पुढे दोन वर्षांनी कारखानाही बंद पडला. पुड्या थांबल्या. मग तांबड्या बाजारातला नळीतला तांबडा आणू लागला. तोही चांगला होता, पण पाहुण्यासारखा. खुर्चीच्या कडेवर बसायचा, घरात मिसळायचा नाही.

असा तो एकाहत्तर वर्षांचा झाला, आणि शहरातल्या कलादालनाच्या बाई एक दिवस त्याच्या दाराशी आल्या. खरंखुरं दालन. उंच पांढऱ्या भिंती, दिवे, दाराशी रखवालदार.

"काका, वाचनालयात हल्ली लावलेली तुमची नवी सहा चित्रं बघितली. मला हवीत. पण नुसती सहा नकोत. जुनी कुठं आहेत?"

"लोकांच्या घरी."

"मग मागून आणा ना! बारा दिवसांचा तर प्रश्न आहे. लोक देतात, त्यांनाही कौतुक वाटतं. एका भिंतीवर नवं काम, तीन भिंतींवर जुनं."

बाई गेल्या. नवं काम त्याच्या लेखी जेवणानंतरच्या बडीशेपेसारखं. पण ते जुने सगळे तांबडे, जे वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या भिंतींवर एकेकटे जळत होते, ते एका खोलीत? तीन भिंती? त्याने स्वतःसुद्धा ते कधी एकत्र पाहिले नव्हते. मेल्यावर माणसं काय म्हणतील याची त्याला पर्वा नव्हती. एकदा, जिवंतपणी, त्या खोलीच्या मधोमध उभं राहायचं होतं, आणि शेजारी बायको हवी होती.

"मला नेणार का?" बायकोने विचारलं. तिचे गुडघे गेले होते. फाटकाच्या पलीकडे ती वर्षातून चारदा जात असेल.

"तुला नाही तर कुणाला? अर्धा तांबडा तुझा आहे."

"अर्धा? आख्खा माझा. तुम्ही नुसता खडू घातलात."

दुसऱ्या दिवशी तो शिंप्याकडे गेला. चोवीस वर्षांपूर्वी शिंप्याने विहिरीच्या अंगणाचं चित्र नेलं होतं. वाकून कपडे पिळणारी बाई आणि मागे भिंतीवर टाकलेलं तांबडं पांघरूण.

"अहो मीटरवाले! पुढच्या दारानं? रस्ता चुकलात काय?" शिंपी हसत उठला. "बसा. चित्र ना? न्या की. हे बघा, तिथंच आहे, पहिल्या दिवसापासून."

तांबड्याने वर पाहिलं. बाई होती. विहीर होती. भिंत होती. भिंतीवर चहा सांडून पुसल्यासारखा एक फिकट पिवळट पट्टा होता.

"हे धुतलंत का तुम्ही?"

"चित्र कोण धुतं? धूळ पुसतो, तीही आठवलं तर."

"इथं तांबडं पांघरूण होतं."

"हे?" शिंपी जवळ गेला, चष्मा वर केला, चष्मा खाली केला. "पांघरूण आहे की. पण तांबडं कुठलं? हे असंच आहे. माझी सून तर म्हणते, बघितलं की डोळ्याला गारवा वाटतो. आणि रंगाचं मला सांगू नका हं. कापड अर्ध्या छटेनं चुकलं तरी मला कळतं."

समोरच्या खिडकीतून दुपारचं ऊन आलं होतं आणि चित्राच्या छातीवर आडवं पडलं होतं. तांबड्याने चित्र उतरवलं, गोणपाटात गुंडाळलं आणि निघाला. वाटेत त्याने स्वतःची समजूत घातली, की शिंप्याची सून काहीतरी घासत बसली असणार. एखाद्या घरात असं व्हायचंच.

पण मास्तरीणबाईंच्या घरच्या चित्रातलं तांबडं दार हाडाच्या रंगाचं झालं होतं. दवाखान्यातली बादली नुसतीच बादली उरली होती. नऊ दिवसांत तो अकरा घरी गेला. कुठे गेरूसारखा मागमूस होता, कुठे तोही नाही. आणि प्रत्येक घरी, चहा पुढे करत, माणसं तेच सांगत होती. असंच होतं, आम्ही रोज बघतो ना. खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. रोज केसाएवढं उणं होत गेलेलं कुणाला कळणार? मूल वाढलेलं आईला दिसत नाही, पाहुण्याला दिसतं. आणि या घरांत पाहुणा म्हणून जायचं त्याने स्वतःच टाळलं होतं.

शेवटचं घर वहिनींचं. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. चित्र माडीवर होतं, आणि चौकटीला खिळा आहे म्हणून वहिनींनी त्यावर कॅलेंडर अडकवलेलं. तांबड्याने कॅलेंडर काढलं. पायरीवर घडी घालून ठेवलेली गोधडी. चित्रात ती वीतभर होती. त्यातलं तळहाताएवढं टोक कॅलेंडरखाली सापडलं होतं. ते तसंच होतं. जळत होतं.

"अगं बाई," वहिनी पुढे आल्या, "हे काय सांडलं इथं? भाऊजी, थांबा हं, देताना असं घाण नको." आणि त्यांनी हातातलं ओलं फडकं त्यावर घासायला सुरुवात केली. जोरात घासलं. उलटसुलट घासलं. मग फडकं उजेडात धरलं. ते पांढरंच होतं. "निघत नाही मेलं," त्या म्हणाल्या.

"नाही निघायचं," तांबड्या म्हणाला. "पक्का आहे."

घरी येऊन तो बायकोशेजारी बसला. ती शेंगा सोलत होती. काही सांगितलं नाही, सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या कारखान्यात लडी वाळवायच्या कुठं गं?"

"आतल्या पडवीत. सावलीत."

"उन्हात का नाही? लवकर वाळल्या असत्या."

"नियमच होता. सावलीतच वाळवायच्या."

"पण का?"

"का म्हणजे? मुकादम सांगायचा, आम्ही टांगायचो. आम्हाला काय, लडी बांधून गाडीत गेली की संपलं. पुढं तिचं ऊन आणि तिचं नशीब." तिने एक शेंग त्याच्या हातात दिली. "सोला की नुसतं बसण्यापेक्षा."

त्याने शेंग सोलली. पाण्याची परीक्षा त्याने प्रत्येक वेळी घेतली होती, चार माणसांसमोर, छाती पुढे काढून. उजेडाची एकदाही घेतली नव्हती. आणि चित्र तर उजेडात बघण्यासाठीच असतं. हे तिला सांगावं असं मनात आलं, पण सांगितलं असतं तर ते तिच्या पुड्यांपाशी जाऊन थांबलं असतं. नको, म्हणाला तो स्वतःशीच. त्या हातांनी अठरा वर्षं हौदातलं उकळतं पाणी सोसलंय.

शेवटचा उपाय म्हणून त्याने नळीतला तांबडा काढला आणि दवाखान्याच्या बादलीवर भरला. सुंदर भरला. पण भोवतालचा करडा त्या दुसऱ्या तांबड्याला तोलून लावलेला होता. हा नवा तिथे जुन्या विजारीला लावलेल्या नव्या ठिगळासारखा ओरडू लागला. तासाभराने त्याने टर्पेंटाइनने तो पुसला. बादली पुन्हा फिकट झाली. बाकीच्यांना त्याने हातही लावला नाही.

दालनाच्या बाईंनी चित्रं भिंतीला लावून पाहिली आणि हात जोडल्यासारखे छातीशी धरले. "काका! काय संयम आहे हो! कुठं रंगाचा आवाज नाही. आणि मी ऐकलं होतं भलतंच." फक्त वहिनींचं चित्र त्यांनी बाजूला ठेवलं. "याच्या कोपऱ्याला डाग पडलाय. हे राहू दे." रखवालदाराने ते मागच्या खोलीत, शिडीपाशी, भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"बाई, तो डाग नाही," तांबड्या म्हणाला.

"नसेलही. पण लोकांना तसंच दिसणार ना." त्या खरंच प्रेमाने बोलत होत्या. "काळजी नका करू, काका. दहा पुष्कळ आहेत."

उद्घाटनाच्या दिवशी तो बायकोला गाडी करून घेऊन आला. तिने ठेवणीतला कोट घातला होता आणि हातात काठीऐवजी छत्री घेतली होती, कारण काठीने माणूस म्हातारा दिसतो. पस्तीस-चाळीस माणसं होती. इतकी माणसं त्याच्या चित्रांसाठी रांगेशिवाय कधी जमली नव्हती. एका भिंतीवर नवी सहा, तीन भिंतींवर जुनी दहा. ती एकेका चित्रापाशी थांबत, टेकत, पुढे सरकत राहिली. तो तिच्या मागे दोन पावलांवर. तिच्या पाठीकडे बघत होता. आता ती वळेल. आता म्हणेल, अहो, हे काय झालं? जगात आणखी एकाच माणसाने तो तांबडा ओला असताना, पेटलेला असताना पाहिला होता. ती नुसती हळहळली असती तरी चाललं असतं. तो तांबडा होता, एवढं तरी ठरलं असतं.

ती मधल्या बाकावर बसली आणि त्याला शेजारी बोलावलं. "छान लावलीत हो. चौकटी कशा सारख्या केल्यात."

"काही उणं वाटतं का तुला यात?"

"उणं काय? दिवा त्या तिकडचा जरा तिरपा आहे."

"तांबडा गं."

"तो काय तिथं," तिने छत्रीने नव्या भिंतीकडे दाखवलं. "कसा खुलतोय. आपला तो."

"तो नळीतला आहे. मी म्हणतो या जुन्यांतला. शिंप्याचं पांघरूण. मास्तरीणबाईंचं दार. तू म्हणायचीस, झाकून ठेवा, दृष्ट लागेल."

ती बघत राहिली. मन लावून बघत राहिली. ती त्याला बरं वाटावं म्हणून बोलणारी बाई नव्हती, आयुष्यात कधी बोलली नव्हती. "भुकटी आणायची ते आठवतं की मला. हात आठवतात. काच आठवते तुमची. पण चित्रं..." तिने मान हलवली. "चित्रं ही अशीच होती हो. मऊ मऊ. आपल्या घरात चुलीवरच्या भिंतीला एक आहे ना, ते मी रोज बघते. तसंच तर आहे ते."

"त्याला धूर लागलाय असं मला वाटायचं."

"धूर कसला! मी पुसते ना ते." ती जरा दुखावली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने आवाज खाली घेतला. "काय झालं? बरं वाटत नाही का? पाणी आणायला सांगू?"

"नको."

तेवढ्यात दालनाच्या बाई एका गृहस्थांना घेऊन आल्या. गळ्यात चष्मा, हातात वही. वर्तमानपत्रात लिहीत असत ते. त्यांनी चारही भिंतींवरून आदराने नजर फिरवली. "एक विचारू का? इतकी वर्षं तुम्ही असे फिकट, अबोल रंग वापरलेत. आणि नव्या कामात एकदम हा तांबडा. या वयात हे धाडस कसं सुचलं?"

बायको शेजारी ताठ बसली. कुणी नवऱ्याला धाडसी म्हणालेलं ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिने कोटाची कॉलर नीट केली आणि तो काय बोलतो ते ऐकायला तोंड त्याच्याकडे केलं.

तांबड्याने तीन भिंती पाहिल्या. त्याने नाही म्हटलं असतं, तर दाखवायला काय होतं? मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा असलेला एक डाग. आणि साक्षीला कोण होतं? त्याने आठवून पाहिलं. शिंप्याचं पांघरूण त्याला स्वतःला नेमकं कसं दिसायचं? डोळ्यांसमोर आला तो नळीतलाच तांबडा आला. दुसरा काही येईना.

"सुचलं," तो म्हणाला. "म्हातारपणी सुचलं."

गृहस्थांनी मान डोलावली आणि ते वहीत लिहून घेतलं.